तिब्राची टाळू

त्या कागदावर मी सही केली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणाऱ्याला अर्ध्या वाटेपर्यंत वाटत राहतं की शेवटी बाईनं मान तुकवली असणार.

मी जौदा. डोंगरातल्या आमच्या गावाच्या सरकारी बाळंतघरात तीस वर्षं सुईण होते. खालच्या ततावीन शहराहून वर चढणारा डांबरी रस्ता आमच्या दारात संपतो, पुढे नुसती दगडवाट. गावातली निम्मी पोरं माझ्या हातात पहिल्यांदा रडलीत. आता ती मोठी झालीत आणि मला रस्त्यात ‘खालती’ म्हणून हाक मारतात, मावशी म्हणून. त्या वर्षी मात्र दोन-तीन महिने बऱ्याच जणांनी मला हाक मारणं बंद केलं होतं.

मार्चमधली सकाळ होती. इब्तिसाम तिच्या सासूबरोबर आली. तेवीस वर्षांची पोर, पहिलीच खेप. नवरा लामीन जिप्समच्या खाणीवर कामाला गेलेला. सासू हज्जा मसऊदा, हज करून आलेली, गावात वजन असलेली बाई. तिच्या हातमागावरची लोकरी शाल लग्नात मिळाली तर नवरीकडचे लोक ती चारचौघांत उलगडून दाखवायचे.

बाळंतपण इतकं सरळ झालं की मी त्यात काही केलं असंही म्हणता येणार नाही. साडेदहाला मुलगी झाली. चांगली तीन किलोची, आवाज खणखणीत. मी तिला पुसायला घेतलं आणि टॉवेल डोक्यावरून फिरवता फिरवता माझा हात थांबला.

केसांचा भोवरा असतो ना, तिथे कातडीच नव्हती. कोंबडीच्या अंड्याएवढी लांबट जागा. कडा अगदी गोलसर, जणू कुणी मापानं आखलेल्या. रक्ताचा एक थेंब नाही. वर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पातळ, चकचकीत पडदा आणि त्याच्याखाली ओलं, लाल. मधोमध नाडीसारखं काहीतरी उडत होतं. म्हणजे खाली हाडही पुरतं नव्हतं.

शिकत असताना मी असं एकदा पाहिलं होतं. तेव्हाचं अर्ध्या दिनारच्या नाण्याएवढं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं मला आठवत होतं, की काही पोरांची डोक्यावरची कातडी पोटात असतानाच तयार व्हायची राहते, त्यात कुणाचा दोष नसतो. मी खारं पाणी टाकून जागा धुतली, व्हॅसलीन लावलेली जाळी ठेवली, वर ओली घडी बांधली आणि इब्तिसामला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. मी आईपासून काही लपवत नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “दुखतंय का तिला?”

“आत्ता तरी नाही.”

“मग द्या इकडे. भूक लागली असेल.”

एवढ्यात हज्जा मसऊदा आत आली. पट्टी उचलून तिनं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग पट्टी खाली ठेवून मला म्हणाली, “काय लावलंस हिच्या डोक्याला?”

“काही नाही, हज्जा. जन्मतःच आहे.”

“कात्री लागली तुझी.”

“कात्री नाळेसाठी होती. डोकं बाहेर आलं तेव्हा ती त्या ताटात होती, झाकलेली.”

“मी काय आंधळी आहे?” असं म्हणून ती बाहेर गेली. बाहेर बाकावर चार बाया बसल्या होत्या. मला खिडकीतून सगळं ऐकू आलं.

दुपारी मी मुलीला खाली शहराच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता. बिचाऱ्यानं असं कधी पाहिलं नसावं. त्यानं कागदावर लिहिलं, प्रसूतीच्या वेळची जखम, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मलम दिलं, पट्ट्या दिल्या, किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलची दहा दिवसांनंतरची तारीख दिली आणि तिसऱ्या दिवशी मायलेकींना घरी सोडलं. ते प्रश्नचिन्ह गावात पोहोचेपर्यंत गळून पडलं. लामीननं तक्रार दिली.

बाळंतघराचा कारभार सी रिदा बघायचे, सी म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. माणूस वाईट नव्हता, पण फाईल जाड झाली की त्यांची झोप उडायची. त्यांनी मला बोलावून टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला.

“जौदा, एकच ओळ आहे. अनवधानानं किरकोळ इजा झाली. सही कर. मी बदली मागून घेतो, त्या लोकांचा राग शांत होतो, विषय संपला.”

“कुणाच्या अनवधानानं?”

“असंच. मोघम लिहिलंय.”

“मोघम इजा कशी होते, सी रिदा? तुम्हाला कधी झालीय?”

त्यांनी चष्मा काढला. “तू ऐकत का नाहीस? तुझी पेन्शन चार वर्षांवर आलीय.”

“म्हणूनच ऐकत नाही. सव्वीस वर्षं काम केलंय, शेवटी एवढीच एक ओळ मागे राहायला नको.”

मग त्यांनी दुसरा कागद काढला. चौकशी होईपर्यंत मी घरी बसायचं आणि त्या कुटुंबाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. हा कागद मी घेतला, कारण त्याच्यावर सही मागितलेली नव्हती.

घरी बसून करणार काय? अंगणातले बदाम फोडत बसले. आमच्याकडे पोर जन्मलं की तीळ, मध आणि लोणी घोटून झरीर करतात, येईल त्याच्या हातावर वाटी ठेवतात. त्या घरात झरीर झाला नव्हता. मुलीचं नावही ठेवलं नव्हतं. जगेल की नाही ते बघू, मग नाव, असं हज्जा म्हणाल्याचं शेजारणीनं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

सातव्या दिवशी दुपारी फोन वाजला. इब्तिसाम होती, अगदी हळू बोलत होती.

“खालती, कवच धरलंय. काळं, कडक. आणि त्याला चीर पडलीय.”

“कवच कसं धरलं? ओलं ठेवायला सांगितलं होतं ना?”

“मी ठेवत होते. परवा मला झोप लागली. उठले तर सासूबाईंनी पट्टी काढून डाळिंबाच्या सालीची पूड आणि सुरमा भरला होता. म्हणाल्या, ओलं राहिलं तर सडेल. मी पुसायला गेले तर हात धरला. काल पुन्हा भरला.”

“चिरेतून काय येतंय?”

“रक्त. थेंब थेंब. कमी होत नाहीय.”

मी चपला घातल्या. कागदात काय लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं, तरी घातल्या.

दारात हज्जा मसऊदा उभी. “तुला इथे यायला बंदी आहे.”

“आहे. मला आत जाऊ दे, मग कुणाला सांगायचं त्याला सांग.”

“तू हिला मारायला आलीस.”

“हज्जा, बाजूला हो. तुला ढकलायची पाळी माझ्यावर आणू नकोस, तुझे गुडघे आधीच दुखतात.”

ती खरंच बाजूला झाली. आत इब्तिसाम मुलीला छातीशी धरून बसली होती. तिच्या बाहीवर रक्ताचा डाग पसरत चालला होता. ते काळं कवच वाळून आकसलं होतं आणि कडेची कोवळी कातडी ओढत होतं. चीर मधोमध होती. मी स्वच्छ जाळीची घडी केली, ओली केली आणि दोन बोटांनी हलकेच दाबून धरली. खाली हाड नाही, जोर लावायची सोय नाही. आणि तिथेच, अगदी मधल्या रेषेत, मेंदूचं रक्त वाहून नेणारी मोठी शीर असते. कवच वाळत गेलं आणि ओढलं गेलं की ती शीर फाटते. फाटली तर मग कुणाची बोटं पुरत नाहीत.

इब्तिसामला मी हे असंच सांगितलं. तिनं विचारलं, “मोठं हॉस्पिटल किती लांब?”

“अडीच तास. बाळंतघराची गाडी दुसरा रोगी घेऊन गेलीय.”

“मग स्टँडवर चला.”

हज्जा आडवी आली. “चाळीस दिवस व्हायच्या आत बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. लामीनला संध्याकाळी येऊ दे. तो ठरवेल.”

इब्तिसामनं भिंतीवरची शाल ओढली. आवाज चढवला नाही. “उम्मी, तुमचा मुलगा संध्याकाळी घरी आला की त्याला सांगा, त्याची बायको मुलीला घेऊन गेली. तुमच्या परवानगीनं नाही गेली, हेही सांगा.”

स्टँडवर शेअर गाडी भरत आली होती. आठ प्रवाशांपैकी दोघं खाली उतरली, आम्हाला जागा दिली. बाकीच्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की आमच्या गावांना थांबू नकोस, येताना उतरव. माझी दोन बोटं त्या घडीवर होती आणि अडीच तास तिथेच राहिली. पहिल्या तासानंतर ती मला माझी वाटेनाशी झाली. खड्डा आला की ड्रायव्हर आधीच ओरडून सांगायचा. इब्तिसाम मुलीला पाजत होती आणि मधूनमधून माझ्या कपाळावरचा घाम तिच्या शालीनं पुसत होती. वाटेतल्या पोलीस चौकीवर शिपायानं आत डोकं घातलं, माझा हात पाहिला आणि काही न विचारता गाडी सोडली.

हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, “मुलीचं नाव?”

अजून ठेवलेलं नव्हतं. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात इब्तिसाम म्हणाली, “तिब्रा.” इब्तिसामच्या आजीचं नाव. आमच्याकडच्या जुन्या बायकांचं नाव आहे ते, सोन्याचा कण असा त्याचा अर्थ. माणसानं लिहून घेतलं.

तिथल्या प्लास्टिक सर्जन डॉक्टर उल्फा, चाळिशीच्या, पायात धावायचे बूट. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

“कधीपासून धरलंय?”

“दुपारी दोनपासून.”

“मी सांगेपर्यंत सोडू नका. मग एकदम सोडा.”

टेबलापाशी त्या म्हणाल्या तेव्हा मी सोडलं. त्यांनी रक्त थांबवणारी जाळी बसवली, कडेला दोन बारीक टाके घातले आणि म्हणाल्या, शीर फाटलेली नाही, फाटायच्या बेतात होती, रक्त कडेच्या छोट्या नसेचं आहे. मग मला म्हणाल्या, “तुम्ही सुईण? ही जखम नाही हे तुम्हाला कळलं होतं?”

“पहिल्या मिनिटाला.”

“बरोबर कळलं होतं,” त्या म्हणाल्या. सात दिवसांत हे मला सांगणारं पहिलं माणूस. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नळाखाली बोटं धरून उभी राहिले. पाणी गार आहे की गरम ते कळत नव्हतं.

लामीन रात्री पोहोचला. खाणीची पांढरी भुकटी अजून भुवयांवर होती. मला पाहून त्याचं डोकंच फिरलं. “तू इथे? कोणाच्या परवानगीनं?”

इब्तिसाम उठली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. सात दिवसांची बाळंतीण ती, नीट उभंही राहवत नव्हतं. “हिच्या बोटांनी तुझी मुलगी इथवर आलीय. बोलायचं असेल तर माझ्याशी बोल. आणि आधी तोंड धू.”

तो तोंड धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर उल्फांनी दोघांना बसवून सगळं समजावलं. मीही होते. कवच ओढून काढायचं नाही, ओल्या पट्ट्यांनी चार-पाच दिवसांत आपोआप सुटू द्यायचं. जंतू आत शिरले तर मेंदूच्या आवरणापर्यंत जायला बोटभर अंतरही नाही, म्हणून शिरेतून औषध. जागा छोटी असती तर नुसतं मलम लावून, ओलं ठेवून दोन महिन्यांत भरली असती. ही मोठी आहे, खाली हाड नाही आणि शीर उघडी आहे, तेव्हा स्वच्छ झाली की बाजूची कातडी सरकवून झाकावी लागेल.

मग त्यांनी सहज विचारलं, “घराण्यात कुणाला असं आहे? डोक्यावर केस न येणारी जागा? कधीकधी हे आईबापाकडून येतं.”

“माझ्याकडे नाही,” इब्तिसाम म्हणाली.

“आमच्याकडेही नाही,” लामीन म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. आमच्याकडचे पुरुष लाल टोपी घालतातच, त्यात कुणाला काही वाटत नाही. “टोपी काढता का जरा?”

त्यानं काढली. “हे लहानपणचं आहे. विहिरीच्या कठड्यावरून पडलो होतो.”

डॉक्टरांनी त्याचं डोकं खाली वाकवलं. भोवऱ्यापाशी एक गुळगुळीत, चकचकीत गोल होता, बदामाएवढा. त्याच्यावर एक केस नाही. त्यांनी बोट फिरवलं. “पडल्याचा वण असा गोल होत नाही. टाक्याची खूण नाही. पडलात तेव्हा किती वर्षांचे होता?”

“मला आठवत नाही. आई सांगते.”

इब्तिसाम त्या डोक्याकडे पाहत होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तिनं ती जागा शंभर वेळा पाहिली असेल. मग तिनं हात पुढे करून तिथे बोट ठेवलं. लामीननं तिचा हात झिडकारला नाही. थोड्या वेळानं टोपी घातली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसला.

हॉस्पिटलातल्या चौथ्या दिवशी तिब्राला ताप चढला. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं, ते स्वच्छ निघालं, पण ते कळेपर्यंतचे चार तास कसे गेले ते मी सांगत बसत नाही. ताप उतरल्यावर मी गावी परत आले, कारण चौकशीची तारीख लागली होती. मंगळवार, दहा वाजता.

सोमवारी मी हज्जा मसऊदाकडे गेले. ती मागावर बसली होती. मी समोरच्या चटईवर बसले, कुणी बसायला न सांगता.

“नात जिवंत आहे,” मी म्हटलं. “तिब्रा नाव ठेवलंय.”

“लामीननं फोनवर सांगितलं.”

“लामीन विहिरीवरून कधी पडला होता, हज्जा?”

तिचे हात थांबले. धाग्याचं टोक बोटात तसंच राहिलं.

“तो असाच झाला,” ती म्हणाली. “घरीच बाळंत झाले मी. माझ्या सासूनं बघितलं आणि मला विचारलं, नऊ महिने कुठे कुठे गेलीस, कोणाच्या थडग्यावर पाय दिलास. माझ्या हातचं पाणी प्यायचं बंद केलं. मला माहेरी धाडायचं ठरलं होतं. तेव्हा माझ्या आईनं मला डाळिंबाची साल आणि सुरमा दिला. भरलं. महिन्याभरात जागा मिटली. आम्ही मग दुसऱ्या गावात राहायला गेलो. तिथे मी सांगायला लागले, की पडला.”

“पडला म्हटलं तर लोक तुलाच नावं ठेवणार ना, लक्ष नव्हतं म्हणून?”

“पडलेल्या पोराची आई निष्काळजी असते. तशा जन्मलेल्या पोराची आई काय असते, ते तुला नाही माहीत. तुला पोर नाही.”

ते मला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती. मी म्हटलं, “म्हणून मी कात्री लावली?”

“तू सरकारी नोकर. तुझं काय होणार होतं? बदली.” मग म्हणाली, “माझ्या सुनेला कुणी थडग्याचं विचारायला नको होतं. माझ्या मुलालाही नको होतं. मग उरलं कोण?”

मी तिला क्षमा केली नाही. आजही केलीय असं म्हणणार नाही. पण तिचं म्हणणं मला कळलं, आणि ते कळलं याचाच जास्त राग आला. उठताना मी म्हटलं, “उद्या दहा वाजता आहे. मी तुला ये म्हणत नाही. नुसता वार आणि वेळ सांगतेय.”

चौकशीला वरच्या ऑफिसातून तिघं आली होती, दोन पुरुष, एक बाई. सी रिदा कोपऱ्यात. डॉक्टर उल्फांचं पत्र त्यांच्या हातात होतं, त्यात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. मला वाटलं संपलं. कसलं संपतंय? मुख्य साहेब म्हणाले, पत्र ठीक आहे, जन्मजात असेलही, पण जन्माच्या वेळी काय झालं हे डॉक्टरांनी पाहिलेलं नाही. शिवाय बंदी असताना मी त्या घरी गेले. तेव्हा एक लेखी समज, त्यावर माझी सही, म्हणजे दोन्ही बाजूंचं समाधान.

“माझं समाधान नाही होत,” मी म्हटलं.

“बाई, ही फक्त समज आहे.”

“मी घरी गेले हे खरं. ते लिहा, त्यावर आत्ता सही करते. गेले नसते तर पोर गेली असती, हेही खाली लिहा. पण मी इजा केली असं एक अक्षर असेल तर हा पेन घ्या परत.”

तिघांतल्या बाईंनी काहीतरी बोलायला मान वर केली आणि दाराकडे पाहत राहिल्या. हज्जा मसऊदा आत आली होती. अंगावर तिची लग्नाची लाल शाल, कडेला पांढरी नक्षी. मागे लामीन. कुणी बोलावलेलं नव्हतं. शिपाई तिच्या मागे धावत आला, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

“लामीन, टोपी काढ,” ती म्हणाली.

त्यानं काढली. तीन अनोळखी साहेबांसमोर तीस वर्षांचा बाप्या मान खाली घालून उभा राहिला.

“हे बघा. हा असा जन्मला. घरी जन्मला, सुईण नव्हती, कात्री नव्हती, नाळ माझ्या आईनं दोऱ्यानं बांधून विळीनं कापली. नातीचं तसंच आहे. मी पाहिल्या पाहिल्या ओळखलं होतं.”

मुख्य साहेब गोंधळले. “हज्जा, तक्रार तुमच्याच घरची आहे ना?”

“घर माझं. खोटंही माझंच. त्या पोरीच्या डोक्यात सुरमा मी भरला, तोही लिहा. जौदानं काही केलं नाही.”

साहेबांनी घसा खाकरला आणि विचारलं की मग हे आधी का नाही सांगितलं. हज्जानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वलदी, बाळा, तुला आई आहे का? तिला विचार.”

तक्रार मागे घेतली गेली. सी रिदांनी लगेच नवा कागद आणला: परस्पर समजुतीनं प्रकरण मिटलं. त्यावरही मी सही केली नाही. समजूत कसली? आरोप खोटा होता असं लिहून द्या म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. चार महिने लागले, सात अर्ज लागले, पण तसं लिहून आलं. तोवर मी कामावर रुजू झाले होते आणि बायका पुन्हा माझ्याकडे यायला लागल्या होत्या. सगळ्या नाही.

तिकडे तिब्राचं ऑपरेशन तिसऱ्या आठवड्यात झालं. बाजूची कातडी केसांसकट सरकवून मधली शीर झाकली आणि जिथून सरकवली तिथे मांडीवरची पातळ साल लावली. त्या सालीचा एक तुकडा काळा पडला, धरलाच नाही. डॉक्टर म्हणाल्या, तेवढा पट्ट्यांनी भरेल. भरला, पण वेळ घेतला. इब्तिसाम सात आठवडे वॉर्डात खुर्चीवर झोपली. आईंनी इथे थांबायचं नसतं असं नर्सनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला थांबायला कुणी सांगितलं नाहीच, मी थांबलेय. पट्ट्या बदलायला ती इतकं नीट शिकली की पुढे डॉक्टर उल्फा नव्या आयांना तिच्याकडे पाठवायच्या.

मे महिन्यात ती घरी आली आणि तिसऱ्याच दिवशी तिनं स्वतः झरीर घोटला. सगळ्या गल्लीला बोलावणं. बायका आल्या, वाट्या हातात घेतल्या आणि मुलीकडे चोरून बघायला लागल्या. इब्तिसामनं तिला मांडीवर उघड्या डोक्यानं घेतलं होतं. वण चांगलाच दिसत होता, गुलाबी, सुरकुतलेला, एका बाजूला केस, एका बाजूला नाही. एका चुलतसासूनं प्रेमानं खिशातून टोपडं काढून तिच्या डोक्यावर घातलं. इब्तिसामनं ते काढलं, घडी केली आणि परत दिलं.

“उकडतं तिला.”

“अगं, पण लोक बघतात.”

“बघायलाच बोलावलंय. आज बघून घ्या सगळ्यांनी, म्हणजे रोज चोरून बघायला नको.”

हज्जा कोपऱ्यात वाट्या भरत होती. मान वर न करता तिनं पुढची वाटी माझ्या हातात दिली.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तिब्राच्या टाळूचं मधलं हाड ती दोन वर्षांची होईपर्यंत आपोआप भरलं, डॉक्टर म्हणाल्याच होत्या की लहान पोरांचं भरतं. इब्तिसामला पुढे मुलगा झाला. पुढच्या पोरालाही असं व्हायची अर्धी शक्यता आहे, पुरे कर, असं तिला माहेरचे, सासरचे सगळे सांगून थकले होते. त्याचं डोकं पूर्ण निघालं, पण ती काही त्या भरवशावर बाळंत झाली नव्हती. शाळेत पहिल्या वर्षी बाईंनी तिब्राला रुमाल बांधून यायला सांगितलं, बाकीची पोरं घाबरतात म्हणून. इब्तिसाम शाळेत गेली आणि म्हणाली, घाबरलेल्या पोरांना माझ्याकडे पाठवा, मी समजावते. कुणी आलं नाही.

या वर्षी मार्चमध्ये मी त्यांच्याबरोबर डॉक्टर उल्फांकडे गेले. मी निवृत्त झालेय, वेळच वेळ आहे. डॉक्टर आता चष्मा लावतात, पण बूट तसलेच. त्यांनी तिब्राला समोर बसवून सांगितलं की आता एक करता येईल. केस असलेल्या कातडीखाली एक छोटी पिशवी बसवायची, तिच्यात दर आठवड्याला थोडं पाणी भरायचं, कातडी ताणत जाते, मग ती वणावर ओढून घ्यायची. केस येतील.

तिब्रानं नीट ऐकून घेतलं. “म्हणजे डोक्यावर फुगा?”

“तसाच. तीन-चार महिने.”

“तेव्हा धावता येईल?”

“नाही. पडलीस तर पिशवी फुटेल.”

ती विचार करत राहिली. लामीन काहीतरी सांगणार होता, इब्तिसामनं त्याच्या हातावर हात ठेवला.

“मे महिन्यात शर्यत आहे,” तिब्रा म्हणाली. “गेल्या वर्षी मी दुसरी आले होते. मला नको.”

“नंतर?”

“नंतर विचारा.”

डॉक्टरांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वर्षीची तारीख दिली. बाहेर पडताना तिब्रानं विचारलं की परतीच्या गाडीला अजून वेळ आहे तर समुद्र बघता येईल का. आम्ही गेलो. वारा जोराचा होता, ती पाण्याच्या कडेनं बूट हातात घेऊन पळत सुटली आणि लामीन तिच्या मागे ओरडत धावला, की फार लांब जाऊ नकोस.